बारीक रेघ

(अक्षरांचे फॉन्ट काढणाऱ्या स्टुडिओतली खोली. आत्या आणि भाचा. फोन स्पीकरवर आहे. पलीकडे पत्रा कापणारा कारागीर.)

कारागीर : तेच तर विचारतोय, बाई. एक फाइल काल तुम्ही पाठवलीत, दुसरी आज सकाळी तुमच्या भाच्यानं. कुठली कापू?

आत्या : दुसरी कसली?

कारागीर : अक्षरं तीच आहेत. बारीक रेघा तेवढ्या जाड केल्यात.

आत्या : फोन ठेवू नका हं. काय रे, हे उद्योग कधी केलेस?

भाचा : आत्या, चिडू नकोस. नाट्यगृहाच्या मॅडमनी मोबाइलवर बघितलं. म्हणाल्या, उभे दांडे ठळक आहेत, पण मधल्या रेघा गायबच.

आत्या : बघितलं मोबाइलवर, आणि नाट्यगृहाचं नाव लागणार दाराच्या वर, भिंतीवर, चार फुटी अक्षरांत.

भाचा : त्यांना कोण समजावणार?

आत्या : तू. बोलायचं तू, काढायचं मी, असंच ठरलंय ना आपलं?

भाचा : अगं, थोड्याशाच जाड केल्या. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.

आत्या : माझ्या येईल. शेजारी ती नाजूक रेघ आहे म्हणून तो दांडा रुबाबदार दिसतो. तिला फुगवलंस की सगळं अक्षर पोत्यासारखं बसतं.

भाचा : एवढ्याशा रेघेसाठी किती ताणशील?

आत्या : एवढ्याशा रेघेसाठी दोन वर्षं घातलीत मी. मागे औषधाच्या खोक्यांसाठी फॉन्ट केला, तेव्हा अक्षरांच्या टोकांना मी काढलेले छोटे पाय छाटलेस. म्हणे, स्वच्छ दिसतं. मी मूग गिळून गप्प बसले. अजून औषध घेताना खोक्याकडे बघवत नाही मला. या वेळी नाही गप्प बसणार.

कारागीर : बाई, पत्रा मशीनवर चढवलाय. लवकर काय ते सांगा.

आत्या : माझ्या फाइलीतली सगळ्यात बारीक रेघ पत्र्यावर केवढी येतेय?

कारागीर : थांबा, मोजतो. अंगठ्याएवढी रुंद.

आत्या : वाकेल?

कारागीर : पाच मिलिमीटरचा पत्रा आहे. भिंतीवर ठोकल्यावर माझा मेव्हणा लोंबकळला तरी वाकायची नाही. आणि तो काही हलका नाही.

आत्या : ऐकलंस?

भाचा : ऐकलं. पण मॅडमनी काम काढून घेतलं तर?

आत्या : घेऊ देत. तुझी फाइल कापली गेली, तर मात्र उद्यापासून हे टेबल रिकामं दिसेल. आणि मी धमकी देत नाहीये, सांगून ठेवतेय.

भाचा : आत्या, असं काय करतेस?

आत्या : कापा हो, माझीच कापा.

भाचा : थांबा जरा.

कारागीर : अहो, मी ऐकू तरी कोणाचं?

भाचा : ... आत्याचं.

कारागीर : आणि तुमची फाइल?

भाचा : पुसून टाका.

कारागीर : बरं. ठेवतो.

भाचा : आता मॅडम मला फाडून खाणार. रेघा जाड का नाही केल्या म्हणाल्या, तर काय सांगू?

आत्या : काढणारीनं नाही म्हटलं, म्हणून सांग.

भाचा : त्या विचारतील, कोण काढणारी? त्यांना वाटतं, अक्षरं मीच काढतो.

आत्या : माहितीये मला. आज माझं नाव सांग.