बाळंतिणीचं मडकं

त्या जुन्या मडक्याला हात लावू नगासा, अण्णा — ते इकायचं न्हाई. नवं घ्या की, हितं धा हाईत. नवं झिरपतंय म्हणून जुनं पायजे? व्हय, समदी तसंच म्हणत्यात, ह्या देवकी कुंभारणीची मडकी घाम गाळत्यात म्हणून. आवं, मातीत भाताचा कोंडा मळतो आमी, भट्टीत तो जळतो आन त्येच्या जागी भोकं ऱ्हात्यात, डोळ्यांस्नी न दिसणारी. कोंडा जाड पडला तर पाणी धावत भाईर, चाळून घातला तर नुसता घाम — आन पाणी गार. पर भोकं किती, त्येला किंमत न्हाई. एक भोक दुसऱ्याला जाऊन मिळतंय का, ते बगायचं. काही आडवाटंची असत्यात — आत जायाला वाट, पलीकडं दार न्हाई. तिथं जे शिरलं ते धुवून निघत न्हाई. मिठाचं मडकं सात पाण्यांनी धुवा, चाखा, गोडं लागंल. त्यात पाणी भरून ठेवा — तिसऱ्या दिशी खारट.

कुणासाठी म्हणालासा? बाळंतिणीला? — मग तर जुनं कुणाकडनंबी घेऊ नगासा. बाळंतिणीचं पाणी येगळं, मडकं येगळं, दुसरं कोण त्यातलं पीत न्हाई, म्हणून तर... माझी सून, गिरजा, पलेगची साल सरली त्या आषाढात बाळंत झाली. पावसात भट्टी लागत न्हाई — कुंभाराच्या घरात मडकं न्हाई, हसू नगासा. एक हुतं, त्यात परशूनं, माझ्या ल्योकानं, रानडुकरांसाठी काजऱ्याच्या कडू इखारी बिया भिजत घातलेल्या. मी राखेनं घासलं, सात पाण्यांनी धुतलं, माझ्या जिभेनं चाखलं. कडू न्हवतं, अण्णा. तिसऱ्या दिशी गिरजा म्हणाली, "आत्ती, पाणी कडू लागतंय." मी म्हणाले, "काढ्याचं तोंड हाय तुजं, बाळंतिणीला समदंच कडू लागतं. पी." तांब्या मीच धरला तोंडाला. सांजच्याला अंग ताठलं, जबडा मिटला. सुईण म्हणाली धनुर्वात. समद्यांनी मान हलवली — मीबी हलवली. माणसं तिला मसणात पोचवून आल्यावर मी मडक्यात बोट बुडवून जिभेला लावलं आन दिसभर थुकत बसले.

ह्ये मडकं का फोडलं न्हाई? फोडलं असतं तर परशूनं इचारलं असतं, का फोडलंस. धा वर्सं झाली. दर आवसंला पाणी भरते, तीन दिस ठेवते, चाखते. आता कडू लागत न्हाई म्हणावं, तर रातभर जीभ कडू. पाणी कडू का मीच, कळंना झालंय. हे मी तुमाला कशाला सांगत बसले? तुमी मडकं घ्यायला आलासा.

गप ऱ्हावा. ती बगा, मोळी घेऊन चढती चढ — बाळी, गिरजाची पोर. शेळीच्या दुधावर वाढवली मी. तिची आय धनुर्वातानं गेली. कोण इचारलं तर तसंच सांगा. नवं न्यायचं तर न्या, न्हाई तर जावा आता.