मागची बोट

मूर्खपणा माझाच, विनयगुरुजी—फोनवर तुम्हाला सत्यनारायण सांगितला आणि करायचंय श्राद्ध. बसा हो, उठू नका! तुम्ही तरी कॅलेंडर बघायचंत, पितृपक्षात सत्यनारायण कोण घालतं? इथे अमेरिकेत इंजिनियरच भटजी, मग असंच. फक्त हळू बोला, आई वर झोपलीय. तिला ठाऊक नाही. तिच्याच नवऱ्याचं श्राद्ध—आणि तिच्या कपाळाला अजून कुंकू. काय करणार? बाबा मालाच्या बोटीवर, भट्टीत कोळसा घालायचे. बेचाळीस साली लढाईतच बोटींच्या काफिल्यातून चालले होते, बोट बुडाली. मी तेव्हा पोटात. तार आली, बेपत्ता. बेपत्ता म्हणजे गेले असं थोडंच? मागून दुसरी बोट येतच असणार, तिनं उचललं असेल—आमच्याकडे हे असंच.

मग आत्ताच का, म्हणताय? अहो, हे शेजारचे वॉल्टर—तेही लढाईत असल्याच बोटींवर होते. परवा त्यांच्या घरामागच्या यार्डात पानं गोळा करत होते, मी आपलं सहज विचारलं, पुढची बुडाली की मागची थांबते ना? म्हणाले, नाही. ऑर्डरच नसायची. थांबली की तीही जायची. माणसं पाण्यातून हाका मारायची, आम्ही बघत बघत पुढे. आणि लागले परत पानं ओढायला. मी घरात आले आणि बटाटे सोलले—अख्खी पिशवी! खाणार कोण?

म्हणून म्हटलं, आईचं वाट बघणं संपवू एकदाचं. म्हणजे ती बोलत नाही काही. कधीच नाही. पण आशा असणारच ना? शिकागोला स्टेशनवर एखादा म्हातारा देशी दिसला की मागे मागे जायचं, तोंड बघायचं—एकदा तर त्याच्यापायी भलत्याच ट्रेनमध्ये चढले मी, निघाला गुजराती—हसा, हसा. बाबा आता सत्तरीचे असतील. असते. काय ते. आणि हात कसे असतील, भाजलेले असतील का, हे सुद्धा—असे काय बघताय? माझ्या मागे कोण... अगं आई! कधी उतरलीस? हे आपले विनय, सत्यनारायणाचं विचारायला—

"ऐकलं सगळं. कुंकू तुझ्यासाठी लावत होते, मीनाक्षी. लहानपणी वाट बघत दारात जाऊन बसायचीस म्हणून. कर श्राद्ध. आणि खिरीत साखर कमी घाल, त्यांना गोड आवडत नसे."