ढोलाचा पट्टा

सन्माननीय अध्यक्ष फादर फ्रेडरिक, प्रमुख पाहुणे डॉ. श्रीरंग पाटणकर, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या गावच्या बँडचे ढोलवादक श्री. वॉल्टर, मंडळाचे सर्व वादक, आणि या उकाड्यातही सभागृह भरून टाकणाऱ्या वसईकर बंधू-भगिनींनो,

सत्काराच्या दिवशी गुणगौरव करावा, असा संकेत आहे. तो मी पाळतो. लग्नाची वरात असो, सणाची मिरवणूक असो वा शेवटचा प्रवास, वॉल्टर यांच्या ढोलावाचून या गावाने पाऊल उचललेले नाही. आज ते ढोल खाली ठेवत आहेत. कारण आपण जाणतो : कंबरदुखी. पट्ट्याने कंबर धरली, असे गाव म्हणते. हेच वाक्य गावाने पूर्वीही एकदा म्हटले होते, म्हणून मी आपला थोडा अधिक वेळ घेणार आहे.

वॉल्टर यांच्याआधी हा ढोल कै. ॲन्सेल्म वाजवीत. तरुण मंडळींना ते आठवणार नाहीत. शेवटच्या काही वर्षांत वरात निम्म्यावर आली की ॲन्सेल्म ढोल शेजारच्याकडे सोपवून एखाद्या कुंपणाआड जात आणि बऱ्याच वेळाने परतत. वादक हसत. "काय रे, प्रत्येक वाडीला शिंपण घालतोस काय?" ॲन्सेल्मही हसून म्हणत, "नारळ धरतील, तेव्हा नाव काढाल."

पुढे त्यांची कंबर दुखू लागली. मंडळाने काय केले? पट्टा रुंद केला. त्याला आतून कापसाची गादी शिवली. तरीही दुखले, तेव्हा ढोल वॉल्टर यांच्या गळ्यात घातला आणि ॲन्सेल्म यांना झांजा दिल्या. प्रत्येक उपाय प्रेमाने झाला, आणि प्रत्येक उपाय पट्ट्यावर झाला. १९९५ साली त्यांना मुंबईच्या रुग्णालयात नेले, तेव्हा पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा, कर्करोग कण्यापर्यंत पोहोचलेला होता. त्यांच्या अंत्ययात्रेत हाच पट्टा वॉल्टर यांच्या खांद्यावर होता.

माझी पत्नी विनी गेल्या जानेवारीत हृदयविकाराने गेली. तिच्याविषयी येथे बोलण्याचे मी योजिले नव्हते. परंतु आदल्या नाताळात मिरवणूक आमच्या दारावरून गेली, तेव्हा ओट्यावर उभी असलेली विनी मला म्हणाली होती, "अहो, वॉल्टरचा एक हात कमरेवर आहे. अन्‌ आत्ताच तो पलीकडच्या कुंपणाआड जाऊन आला. त्याला डॉक्टरकडे न्या."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. वॉल्टर म्हणाले, "सर, या वयात कंबर दुखणार नाही तर काय पिपाणी वाजवणार?" मी तपासणीची गोष्ट काढली. डॉक्टर ती कशी करतात, हे त्यांनी मला ज्या शब्दांत सांगितले, ते शब्द मी फादरांसमोर उच्चारू शकत नाही.

त्यानंतर महिन्याभरातच मी विनीच्या शवपेटीमागून चालत होतो. पुढे बँड होता. चर्चपासून दफनभूमीपर्यंतचा तो रस्ता आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा चाललेला आहे. वळणापाशी ढोल थांबला. कर्णे वाजत राहिले, परंतु खालचा ठोका नाहीसा झाला, आणि पाऊल कोठे टाकावे ते मला कळेना. मी मान वर केली. वॉल्टर भिंतीआड गेले होते. कोणी हसले नाही, कारण प्रसंग हसण्याचा नव्हता. परंतु कोणी काही विचारलेही नाही.

डॉक्टरसाहेबांनी मला बजावले आहे की मी भय पसरवू नये. लघवीचा त्रास होणाऱ्या प्रत्येक वृद्धाला कर्करोग नसतो. पुष्कळदा ती ग्रंथी केवळ वयाने वाढलेली असते. रक्ताच्या एका तपासणीने निकालही लागत नाही. उलट, ज्याला काहीच त्रास नाही, त्याच्यातही रोग लपलेला असू शकतो. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्याने डॉक्टरांशी एकदा मोकळेपणी बोलावे, एवढेच त्यांचे सांगणे. हे मी जबाबदारीने सांगितले. आता विचारतो : शाळेत भरलेल्या गेल्या आरोग्य शिबिरात चष्म्याच्या टेबलापुढे रांग होती, रक्तदाबाच्या टेबलापुढे रांग होती, आणि पुरुषांच्या या तपासणीच्या एका खोलीचे दार दिवसभर ओस का राहिले? आपण सारे पुरुष शाळेच्या फाटकापाशी उभे होतो. आत कोण जातो, हे पाहण्यासाठी.

आपल्या मंडळाची रीत आहे की निवृत्त होणाऱ्याचा पट्टा ज्येष्ठ सभासदाने नव्या वादकाच्या खांद्यावर घालावा. तो ज्येष्ठ सभासद मी आहे. नवा वादक, वॉल्टर यांचा पुतण्या एरॉल, पहिल्या रांगेत नवा सदरा घालून बसला आहे. पट्टा येथे माझ्या हातात आहे. ॲन्सेल्म यांच्यासाठी शिवलेली गादी अजून आत आहे, बोटांना लागते.

एरॉल, बाळा, क्षमा कर. हा पट्टा आज मी तुला देणार नाही. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर शाळेत डॉक्टर पाटणकर बसणार आहेत. त्या खोलीत सर्वांत आधी मी जाईन, आणि फाटकावरून ज्यांना पाहायचे असेल त्यांनी खुशाल पाहावे. माझ्यामागून वॉल्टर आत जाऊन आले की तेथेच, शाळेच्या अंगणात, मी पट्टा तुझ्या खांद्यावर घालीन. तोवर या गावात ढोल वाजणार नाही. मधल्या दिवसांत कोणाला शेवटचा प्रवास करावा लागलाच, तर तो ठोक्यावाचून होईल. तसे चालणे कसे असते, ते मला ठाऊक आहे.

वॉल्टर, आपण मान खाली घातली आहे. विनीने सांगितलेले काम माझ्याकडून अपुरे राहिले आहे, ते मला पुरे करू द्यावे.

अध्यक्षांनी मला दिलेल्या वेळाबद्दल आणि आपण राखलेल्या शांततेबद्दल मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी अप्रिय बोललो. शब्दांत काही उणे-अधिक झाले असल्यास ते माझ्या वयाच्या पदरी घालावे. पट्ट्याविषयी मात्र क्षमा मागत नाही.