राजवाड्यापर्यंतची मुभा

नोरीन : तसं नाही सर. मी फक्त ‘समजा’ म्हणाले.

हार्लन ट्विली : आल्यापासून ‘समजा, समजा’च चाललंय तुझं. समजा एक बेट आहे, समजा तिथं बंड झालंय, समजा आपली माणसं अडकलीत. वॉशिंग्टनहून रविवारी गाडी हाणत इथं खाडीवर आलीस, ती काय समजुतीसाठी? बरं, तो खेकडा तरी फोड. निवतोय.

विल्मा : तिला हातोडी दे ना आधी, हार्लन. नोरीन, वर्गात पण असाच छळायचा का ग माझा नवरा?

नोरीन : वर्गात जास्त, विल्मा. तिथं खायलाही काही नसायचं.

ट्विली : सरकारच्या कायदा खात्यात वकील झालीस, आता तुला मी काय छळणार? विचार, काय विचारायचंय ते.

नोरीन : तुमचं पुस्तक. सहावं प्रकरण. तुम्ही लिहिलंय, ‘आपले नागरिक जिवाच्या संकटात असतील तर त्यांना सोडवण्यासाठी राष्ट्राध्यक्षाने कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये...’

ट्विली : पुढे वाच.

नोरीन : आमच्या कचेरीत वरिष्ठ एवढंच वाचतात.

विल्मा : म्हणजे? पुढे अर्धविराम आहे तिथं! मी स्वतः टाइप केलंय ते पुस्तक. ‘...मात्र शेवटचा माणूस बोटीत चढला की ही मुभा संपते. त्यानंतरची पहिली गोळीसुद्धा संसदेला विचारूनच.’ याने मुळात पूर्णविराम दिला होता, मीच जोडलं. म्हटलं, कोणी अर्धंच उचलून नेईल.

ट्विली : नेलंच शेवटी! आणि माझं नाव लावून? राष्ट्राध्यक्षांचे हात बांधा म्हणून जन्मभर ओरडलो, आणि आता त्यांचे हात सोडवायला माझीच साक्ष. मजा आहे.

नोरीन : तुम्हाला राग नाही आला?

ट्विली : राग नंतर. आधी मला कळू दे, ते कसं जुळवतात. सांग.

नोरीन : त्यांचं म्हणणं, सोडवणं म्हणजे नुसतं बोटीत घालणं नव्हे. किनाऱ्यावरची तोफ आपल्या हेलिकॉप्टरवर रोखलेली असेल, तर ती उडवायची की नाही?

ट्विली : उडवायची. त्यात काय विचारायचं? फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिताना आधी शब्द होता ‘युद्ध करणे’. तो खोडून ‘युद्ध जाहीर करणे’ घातला. का? तर कोणी अचानक अंगावर आलं, तर राष्ट्राध्यक्षाने संसद भरायची वाट पाहत मार खाऊ नये. अंगावर आलेलं परतवणं त्याच्याकडे. आपण होऊन कोणाच्या अंगावर जाणं संसदेकडे.

नोरीन : आणि तोफेला दारूगोळा पुरवणारं गोदाम?

ट्विली : हं. आता खरा प्रश्न आला. जवळ आहे? त्याच दिवशी पुरवतंय? मग कदाचित. मी भांडेन, पण ऐकून घेईन.

नोरीन : आणि रडार?

ट्विली : तेही, ओढूनताणून.

नोरीन : आणि बंडवाल्यांनी बळकावलेला राजवाडा? त्यांच्या मते माणसं निघाल्यावर लगेच राजवाड्यावर–

ट्विली : नोरीन.

नोरीन : काय?

ट्विली : या वेळी ‘समजा’ म्हणायला विसरलीस.

नोरीन : अरे देवा.

विल्मा : मला काही ऐकू आलेलं नाही. मी नांगी फोडत होते. केवढा आवाज होतो या हातोडीचा.

नोरीन : सर, हे बाहेर गेलं तर माझी नोकरी राहू द्या, तिथं अडकलेल्या लोकांचं–

ट्विली : कुठं जाणार बाहेर? मी म्हातारा, दिवसभर खाडीकडे बघत बसतो. पण मला एक सांग. राजवाडा पाडणं हे युद्ध नाही, हे तुमचे वरिष्ठ कुठल्या आधारावर म्हणतात?

नोरीन : दोन दिवसांचं काम, वरून बॉम्ब टाकायचे, आपला एकही शिपाई मरायचा नाही. मग त्याला घटनेतलं ‘युद्ध’ म्हणत नाहीत, म्हणे.

विल्मा : आणि राजवाड्यात जो झाडू मारत असेल, तो काय म्हणेल त्याला?

नोरीन : त्याचं मत मागवलेलं नाही, विल्मा.

ट्विली : आधार, आधार सांग.

नोरीन : आमच्याच कचेरीची जुनी मतं. प्रत्येक मत आधीच्या मताकडे बोट दाखवतं.

ट्विली : आणि कोर्ट?

नोरीन : कोर्ट म्हणतं, हा तुमचा राजकारणाचा मामला, आमच्या दारात आणू नका.

ट्विली : म्हणजे तुझ्या टेबलाच्या पलीकडे कोणीच नाही.

नोरीन : नाही. म्हणून तर आले. यावर कायदेशीर मत मलाच लिहायचंय. मी ‘नाही’ लिहिलं, तर मला बाजूला सारून त्याच दुपारी दुसरा कोणीतरी ‘हो’ लिहील. मग काय उपयोग?

ट्विली : उपयोग होईलच असं मी कुठं म्हटलं? पण त्याला ते स्वतः बसून लिहावं तरी लागेल. तुझा कागद बाजूला ठेवून.

नोरीन : तुम्ही काय लिहिलं असतं?

ट्विली : माझं मत छापलेलं आहे. तुझं कुठंय?

विल्मा : झाला याचा वर्ग सुरू. नोरीन, कणीस घे. लोणी तिकडे आहे.

(पुढच्या आठवड्यात. नोरीनचा फोन. ट्विलींकडचा स्पीकर चालू आहे.)

ट्विली : बातम्या बघितल्या आम्ही. सगळे सुखरूप निघाले ना?

नोरीन : सगळे. शेवटी एक दंतवैद्य आणि त्याची मांजर. मांजरीशिवाय हलेना.

विल्मा : आणि ते दुसरं? नांगी फोडताना जे मला ऐकू आलं नाही, ते?

नोरीन : उभं आहे अजून.

ट्विली : तू काय लिहिलंस?

नोरीन : तुमचं पूर्ण वाक्य घातलं, अर्धविरामासकट. तोफेला हो, रडारला हो, पुढच्याला नाही. वरिष्ठांनी वाचलं आणि म्हणाले, कागद मागे घे. मी म्हटलं, घेणार नाही. हवं तर शेजारी दुसरा ठेवा. संध्याकाळपर्यंत दुसरा तयार. तीन पानी, गुळगुळीत. दोन्ही वर, राष्ट्राध्यक्षांकडे गेले.

ट्विली : दोन्ही? असं कधी होतं का?

नोरीन : नाही ना! वरून विचारलं म्हणे, एकाच कचेरीतून दोन कागद कसे? कोणाला तरी वाटलं, हे उद्या पेपरात आलं तर? म्हणून मग हल्ल्याची परवानगी मागायला संसदेत ठराव मांडलाय. धैर्यबिर्य काही नाही सर, नुसती धास्ती.

ट्विली : घटनेत धैर्य लागेल असं कुठंच लिहिलेलं नाही. तुझं काय झालं?

नोरीन : माझी खोली बदलली. आता मासेमारीचे करार बघते. खिडकी नाही.

विल्मा : वाईट वाटतंय का ग?

नोरीन : सकाळी वाटतं. जेवणानंतर कमी होतं.

ट्विली : आणि मतदान?

नोरीन : गुरुवारी. सिनेटमध्ये भांडणं चाललीत. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचेही फुटलेत. कोणी म्हणतं होईल पास, कोणी म्हणतं पडेल. बॉम्ब पडणारच नाहीत असं नाही हां सर. ‘हो’सुद्धा म्हणतील.

ट्विली : म्हणू देत. तो त्यांचा अधिकार आहे. पण तुमच्याकडे काय अंदाज? आतल्या लोकांना तर माहीत असेल.

नोरीन : नाही. कोणालाच नाही.

ट्विली : वरही नाही?

नोरीन : वरही नाही.

ट्विली : मग संसदेला खरंच विचारलंय म्हणायचं.