उरलेलं कापड

एका सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं, केर काढला, मशीनला तेल घातलं आणि काजं करायचे शर्ट पुढ्यात ओढले. तेवढ्यात एक अनोळखी बाई आत आल्या. भिंतीवरच्या फोटोला हात जोडून म्हणाल्या, "किती शांत होते हो मास्तर!"

अध्यक्षबाई, मंचावरचे मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपले लेखकसाहेब, वाचनालयाचे सभासद, आणि खुर्ची न मिळाल्याने मागे उभे असलेले सगळे, भाषणाची सुरुवात नमस्काराने करतात हे मला ठाऊक आहे. पण त्या बाईंचं वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय, की तोंड उघडलं की आधी तेच येतं. असो. सर्वांना नमस्कार.

आमचे हे शिंपी होते आणि शांत मुळीच नव्हते. शांत आहेत ते साहेबांच्या कादंबरीतले शिंपीकाका. ते यांच्यावरून घेतलेत, हे तुम्हाला माहीत आहेच. ते काका म्हणतात, "माणूस उसवला की टाका आतून घालावा लागतो." सुंदर वाक्य आहे. पण आमच्या यांचं आयुष्यभराचं वाक्य एकच, "परवा नक्की!"

हे गेले, तेव्हा भेटायला येणारे पुस्तकातल्या काकांसाठीच हळहळायचे. मी मान डोलवायची. कुणाकुणाला सांगत बसणार? दमायला होतं हो. पण एकदा परगावी असलेली आमची लेक फोनवर म्हणाली, "आई, बाबा नेहमी म्हणायचे ना, टाका आतून घालावा लागतो?" फोन ठेवला आणि वाटलं, हिच्याही मनातून हे चालले! मग माझ्यामागे यांना ओळखणारं उरणार कोण?

तशीच उठून साहेबांकडे गेले. म्हटलं, "तुम्ही आमचा माणूस बदललात."

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, खरं लिहिलं तर वाचक म्हणतो, असं कुठे असतं का? रचून लिहिलं की म्हणतो, अगदी आमच्या काकांसारखं! कपडा बेतायचा तर कापड कापावं लागतंच की."

"लागतं ना. पण उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत द्यायची आमच्या दुकानाची पद्धत आहे. चिंधीसुद्धा ठेवून घेत नाही. तुमच्याकडे आमचं काय उरलंय, ते द्या."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग एकदम हसायला लागले.

"एकदा पँट घालून बघायला मी पडद्याआड गेलो होतो. एक पाय आत, एक बाहेर, तेवढ्यात मास्तर घुसले! बाहेर कोटवालं गिऱ्हाईक आलेलं, आणि कोट अजून कापलेलाही नव्हता. तुम्ही त्याला सांगत होतात, 'कोट इस्त्रीला गेलाय, आणि मागोमाग मास्तरही गेलेत.' मी एका पायावर उभा. मास्तर माझ्या कानात म्हणतात कसे, 'ऐका, ऐका! आमची ही काय सुरेख थापा मारते! आपली नाही बिशाद.'"

हे मला ठाऊकच नव्हतं. तोंडावर यांनी माझं कधी कौतुक केलं असेल तर शपथ.

"मग हे का नाही लिहिलंत?"

"लिहिलं होतं. मास्तरांनीच काढायला लावलं. म्हणाले, गिऱ्हाइकं तुटतील."

साहेब, तुमचं पुस्तक चांगलंच आहे. मी दोनदा वाचलंय. पण तुमचे काका कुणाला एक थाप मारत नाहीत. अशा माणसाला नमस्कार करावा, त्याच्याशी संसार कसा करणार? आता नव्या गावी जाताय, तिथेही तुम्ही माणसं बेतणारच. बेता. फक्त उरलेलं टाकू नका.

वाचनालयाने मला बोलायला उभं केलं, तुम्ही ऐकून घेतलंत, तुमचे आभार मानते. दुकानातून तशीच आलेय, बोलण्यात कुठे धागा लोंबत राहिला असेल तर तुम्हीच कापून घ्या.

साहेब, त्या दिवशी तुमच्याकडून घरी गेले आणि नुसती पडून राहिले. दुसऱ्या दिवशी लेकीला फोन लावला आणि पडद्याआडचं सगळं सांगितलं.