फडक्यावरचं बिननावाचं तोंड

—नाही, दार एवढंच उघडणार. साखळी राहू दे. तुम्हाला माझं ऐकू येतंय, मला तुमचं येतंय, आणखी काय हवं? वारा लागतोय तर कॉलर वर करा, या गावात सगळेच करतात. समुद्र समोर आहे, मी काय करू त्याला. तुम्ही विचारलंत, टॅबिथा नावाची मुलगी या बालवाडीत येते का. मी म्हटलं, सांगता येत नाही. मग तुम्ही परत तेच विचारलंत, फक्त हळू आवाजात. हळू विचारलं म्हणून उत्तर बदलत नाही, राजा. येते असं मी म्हणाले नाही, येत नाही असंही म्हणाले नाही. उद्या तुम्ही येशू ख्रिस्त इथं येतो का म्हणून विचारलंत तरी मी हेच सांगेन — आणि हा चॅपलचा हॉल आहे.

बाप असाल. असाल की. मी कुठं नाही म्हणतेय? तोंडावर लिहिलेलं नसतं ना पण. काय, जन्मदाखला? ठेवा खिशात, भिजेल. त्यावर बापाचं नाव असतं, बापानं काय केलं ते नसतं. — नाही, मी तुमच्याबद्दल काही म्हटलेलं नाही. मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. मिसेस थॉर्प माझं नाव, ही बालवाडी मी चालवते, आणि दारात उभं राहून माझ्याशी गोडीगुलाबीनं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, एवढंच.

तिकडे भिंतीवर बघा. फटीतनं दिसेल अर्धं. ती चौकट. दिसली? मुलांची माहिती जपणारी संस्था म्हणून आमची सरकारदरबारी नोंद झाल्याचा कागद आहे तो. ज्याच्याकडे पोरांची नावं असतात, फोटो असतात, कोणाला काय खाऊन अंगावर पुरळ उठतं, कोण न्यायला येणार आणि कोणी अजिबात यायचं नाही — असलं सगळं ज्याच्याकडे असतं, त्याला ती नोंद करावी लागते. पुष्कळजण करतात आणि विसरतात. मी नाही विसरले. आधी इथं कसं होतं सांगू? प्रत्येक खुंटीवर पोराचं नाव, फोटो, वाढदिवस. स्वयंपाकघराच्या दारावर कोणाला काय खायला चालत नाही त्याची यादी. पोस्टमन पत्रं टाकता टाकता ती वाचायचा आणि म्हणायचा, नेव्हला अजून दाणे चालत नाहीत वाटतं. मी सगळं खाली उतरवलं. आता खुंट्यांवर खेकडा, होडी, शिंपला, बूट. कोणाचा खेकडा ते पोराला माहीत, मला माहीत, केरीला माहीत. केरी म्हणजे माझी मदतनीस. आतून बघतेय ना, तीच. केरी, तू बघू नकोस, केळी काप.

आणि आम्ही तालीम केली, हसू नका. डोक्यावर टोपी घालून मी बाहेर जायचे, दार वाजवायचे, मी आजोबा आहे म्हणायचे, मी सख्खी मावशी आहे, दवाखान्यातनं आलोय, आई गाडीखाली आली, लवकर पाठवा. केरीनं एकच वाक्य बोलायचं — सांगता येत नाही. दरवेळी हरायची. मी नुसता रुमाल डोळ्याला लावला की ही दार उघडायची. तिला रडणाऱ्या माणसाची दया येते. मला येत नाही. म्हणून दार मी उघडते. तेव्हा तुमचे डोळे ओले झालेत ते वाऱ्यानं झालेत असंच मी धरणार.

आता तुम्ही मला सांगा. फाटकावर पाटी नाही. फेसबुकवरचं आमचं पान मी कधीच बंद केलंय. मग इथला पत्ता तुम्हाला दिला कोणी? — काय? कुठली यादी? — हं. ती यादी. नोंद झालेल्या संस्थांची. हो, ती सगळ्यांना खुली असते, आमचं नाव घातलं की पत्ता येतो. तशी असायलाच हवी, आईबापांना खात्री करून घेता यावी म्हणून आहे ती. आईबापांना म्हणजे — शब्दात पकडू नका मला. मी काय म्हणतेय ते तुम्हाला बरोबर कळतंय.

पण मग आमचं नाव तरी तुम्हाला कसं कळलं? किटीवेक बालवाडी हे नाव या गावाबाहेर कोणी — खिशात काय आहे? हात सावकाश बाहेर काढा. — हे कुठं मिळालं?

हे आमचं आहे. भांडी पुसायचं फडकं. सगळ्याच बालवाड्या करतात ही, तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही कधी — असो. उन्हाळ्यात प्रत्येक पोर कागदावर स्वतःचं तोंड काढतं, खाली नाव, ते सगळं वर बालवाडीचं नाव घालून एका फडक्यावर छापून घ्यायचं आणि आजी-आजोबांना विकायचं. बाथरूमचा हीटर बसवला तो याच्यावरच. या गावात एक घर दाखवा जिथं आमच्या पोरांच्या तोंडांनी बशा पुसल्या जात नाहीत. आणि हे तुम्हाला धर्मादाय दुकानात मिळालं, लोकांनी दान केलेल्या जुन्या सामानात? नवंकोरं? घडीसुद्धा न मोडलेली? मिसेस प्लमट्री. तिचंच काम. स्वतःच्या नातवाचं तोंड आहे त्यावर, तो बिनकानाचा. बाई माझ्यासमोर म्हणाली होती, किती गोड, मी फ्रेम करीन. नेऊन दिलं फुकटात दुसऱ्याला. भेटू दे रविवारी चॅपलमध्ये.

बरं, मग आता काय म्हणणं आहे तुमचं? फडकं आमचं, मान्य. त्यानं काय सिद्ध होतं? काही नाही. उलट माझंच खरं ठरतं. उलगडा ते. उलगडा, घाबरताय काय. वाचा. फ्रेया. रूपर्ट. बार्नबी आणि हॅटी, ती जुळी आहेत, एकमेकांची तोंडं काढून ठेवलीत गाढवांनी. एल्सी. जोना. वाचा सगळी, खालच्या ओळीपर्यंत. तुम्ही म्हणता ती टॅबिथा आहे का त्यात कुठं? नाही ना? सापडणारच नाही. दुकानात उभं राहून तुम्ही शोधलंच असेल, आणि नाही सापडलं तरी आलात. छापायला द्यायच्या आधी मी स्वतः कात्री घेऊन बसले होते, त्या नावाची पट्टी माझ्या हातानं कापून काढली मी, तेव्हा उगाच —

म्हणजे.

म्हणजे असं आम्ही नेहमीच करतो. कोणाचंही. एखाद्या पोराचं नाव नको असलं तर. मी आपलं उदाहरण दिलं. तुम्ही असे बघताय काय त्या फडक्याकडे? दुकानात बघितलंत ना सगळं? नावंच वाचलीत ना? — ते शाईचं आहे. शाई कमी पडली त्या बाजूला, म्हणून त्या एका तोंडाखाली कोरं आहे. छापणाऱ्याशी मी भांडलेसुद्धा. अंगठा काढा. चित्रात एका डोळ्यावर निळी पट्टी आहे तर आहे, अर्ध्या पोरांना लावतात डॉक्टर, डोळा सुस्त असला की. जोनालाही होती. मुलगा आहे तो. ज्याचं तोंड आहे ते मुलाचं आहे. नाव विचारू नका.

तिच्या आईनं मला सांगितलं होतं, चित्रच घेऊ नका. हात जोडून सांगितलं होतं. मी म्हटलं, बाई, सगळ्यांची तोंडं येणार आणि हिचंच नाही, त्या पोरीला काय वाटेल? बटाट्याला पाय फुटल्यासारखं चित्र, कोण ओळखणार आहे त्यावरून. नाव काढते, मग झालं ना? माझी नोंदणी आहे, म्हटलं. हे काम मला कळतं, म्हटलं. ती — तुम्ही काय ऐकताय? मी तुमच्याशी बोलत नाहीये. मी केरीशी बोलतेय.

केरी, ती सुरी खाली ठेव आणि सगळ्यांना मागच्या खोलीत ने. गाणं म्हणायला लाव. मोठ्यानं. आणि फोन लाव. कोणाला ते तुला कळतंय. आज या दारानं यायचं नाही म्हणावं, गावातच थांब म्हणावं. नाव घेऊ नकोस. रडू नकोस आणि नाव घेऊ नकोस.

तुम्ही पायरीवरून खाली उतरा. अजून एक. आरडाओरडा का करत नाही तुम्ही? दार बडवा, शिव्या घाला, मी पोलीस बोलावते, त्याचीही तालीम आहे आमची. हे असं गप्प उभं राहायची नाही. — ते फडकं इकडे द्या. आमचं आहे ते. विकत घेतलं असलं तरी. नका घडी घालू. अशी नका घालू, तेवढंच एक तोंड वर ठेवून. खिशात नाही, अहो, फटीतनं द्या माझ्याकडे, मी तुम्हाला दुसरं देते, चांगलं, यंदाचं —

आभार कसले मानताय? मी काही दिलेलं नाही तुम्हाला.

काही दिलेलं नाही मी.