भिंतीकडे फिरवलेला आरसा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई, रुग्णालयातला सगळा सेवकवर्ग आणि आजचा व्यायाम चुकवून इथे आलेले माझे सहरुग्णहो,

मी सारखा या पायावरून त्या पायावर होतोय, तिकडे कृपया दुर्लक्ष करा. एका जागी उभं राहवत नाही. बाई मागे बसल्यात आणि त्यांची नजर माझ्या गुडघ्यावर आहे, हे मला न वळताही कळतंय.

मी वायरमन. माझं पोट शिडीवर. उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं. चौथ्या महिन्यात दुखणं थांबलं आणि मी स्वतःच स्वतःला बरा जाहीर केलं. बाईंना विचारलं का? छे! शिडी चढलो, पंखा बसवला, उतरताना गुडघा सटकला. नवं लिगामेंटही गेलं. दुसरं ऑपरेशन. बायको एवढंच म्हणाली, "आता त्या बाई सांगतील तसंच वागायचं."

बाईंनी काय केलं असेल? खोलीतला आरसा भिंतीकडे फिरवला. "गुडघ्याकडे बघू नका, दादा. शिडीवर बघत बसणार आहात का? न बघता कळलं पाहिजे." मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. चौदा महिने! एकदा वैतागून मी उशी फेकली. त्यांनी ती उचलून माझ्याच पायाखाली ठेवली, "आता हिच्यावर उभे राहा."

आज सगळं जमतं, एक सोडून. पायऱ्या उतरताना मी अजून ऑपरेशनचा पाय आधी खाली टाकतो, म्हणजे भार चांगल्या पायावर राहतो. हे सुरुवातीच्या दिवसांचं, कधीच सुटायला हवं होतं. पण चांगला पाय आधी टाकला, की क्षणभर सगळं अंग या गुडघ्यावर येतं. तिथेच हात कठड्याकडे जातो. महिनाभर बाई म्हणताहेत, "टाका." मी म्हणतोय, "उद्या." आणि बाई, उद्या तुम्ही नाही. मला खरंच भीती वाटते.

या व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत. कठडा नाही. आल्या आल्याच पाहून ठेवलं.

बाई, तुमचे मनापासून आभार. आयोजकांचेही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर त्या उशीसकट पोटात घाला. आता मी उतरतोय. हात द्यायला कुणी उठू नका. बाई, तुम्ही तर मुळीच नाही.

खाली बघत नाहीये. डावा पाय आधी.